प्रेमाची शिकवण आणि इन्क्विझिशनची कचेरी

प्रश्न : सुट्टीत आम्ही गोव्याला गेलो होतो. जुने गोवे येथे से कॅथेड्रलजवळची मोकळी जागा दाखवून वाटाड्याने सांगितले, की इन्क्विझिशनची कचेरी इथे होती आणि धर्मावरून लोकांचा छळ इथून चाले. माझी मुलगी ख्रिस्ती मिशनच्या शाळेत शिकते. तिने तिथल्या तिथे विचारले, “येशू तर शत्रूवरही प्रेम करायला सांगतो ना? मग त्याच्याच माणसांनी असं कसं केलं?” मला उत्तर सुचले नाही. ती माणसे ढोंगी होती असे म्हणावे, तर इतके देश, इतक्या पिढ्या सगळ्या ढोंगीच होत्या का? आणि आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांशी हा विषय काढावा की काढू नये?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ढोंगाचे उत्तर तुम्हाला स्वतःलाच अपुरे वाटले, तिथूनच सुरुवात करतो. इन्क्विझिशनमध्ये, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयात, ढोंगी आणि लोभी माणसे होतीच. आरोपीची मालमत्ता जप्त होई, जुनी वैरे उगवून घेता येत, राजसत्तेला परक्या मुलखावर पकड बसवायची असे. ही कारणे खरी आहेत. पण केवळ लोभावर अडीचशे वर्षे चालणारे न्यायालय उभे राहत नाही. त्याला कागदपत्रे नीट ठेवणारे कारकून लागतात, धर्मशास्त्र कोळून प्यायलेले विद्वान लागतात आणि आपण पुण्याचे काम करत आहोत या खात्रीने रात्री शांत झोपणारी माणसे लागतात. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचे अवघड उत्तर असे आहे, की छळ करणाऱ्यांना प्रेमाची शिकवण पाठ होती. त्यांनी ती गुंडाळून ठेवली नाही. तिचाच आधार घेऊन त्यांनी छळाचे समर्थन रचले. हे कसे घडले ते जरा सविस्तर पाहू.

आधी मूळ शिकवण. डोंगरावरील प्रवचनातला शत्रुप्रेमाचा भाग सर्वांना ठाऊक असतो. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने लूकच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. येशू यरुशलेमकडे निघाला आहे. वाटेतले शोमरोनी लोकांचे एक गाव त्याला थारा देत नाही. यहुदी आणि शोमरोनी यांचे धर्मावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. याकोब आणि योहान हे शिष्य संतापतात आणि विचारतात, आकाशातून अग्नी पाडून हे गाव भस्म करायला सांगू का? येशू त्या दोघांनाच दटावतो आणि सगळे मुकाट्याने दुसऱ्या गावाची वाट धरतात. लगेच पुढच्या, दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याचा दाखला येतो. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूची सेवा करतो तो याच ‘पाखंडी’ जमातीतला माणूस. जखमी माणूस कोणत्या पंथाचा, हे तो विचारत नाही. बरा झाल्यावर माझ्या देवळात ये, असेही सांगत नाही. धर्म न पटणाऱ्यांचे काय करायचे, याचे उत्तर या दोन लागोपाठच्या अध्यायांत दिलेले आहे.

पहिली तीनशे वर्षे ख्रिस्ती लोकांना हे उत्तर समजायला कठीण गेले नाही, कारण रोमन साम्राज्यात मार खाणारे तेच होते. कार्थेजच्या टर्टुलियनने इसवी सन २१२च्या सुमाराला आफ्रिकेच्या रोमन सुभेदाराला उद्देशून एक निवेदन लिहिले. ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे उपासना करावी हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे आणि जबरदस्तीने करवून घेतलेली पूजा देवाच्याही कामाची नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. धर्मस्वातंत्र्याची कल्पना इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या जगातल्या जुन्या लेखनांपैकी हे एक आहे. लिहिणारा कडवा ख्रिस्ती होता, इतर पंथांवर तुटून पडणारा होता. तरीही एवढी गोष्ट त्याला स्वच्छ दिसत होती.

मग सत्ता आली. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. ३८० मध्ये थिओडोशियसने तो साम्राज्याचा धर्म ठरवला. त्यानंतर पाच वर्षांत, ३८५ च्या सुमारास, ट्रिअर शहरात प्रिसिलियन नावाच्या स्पॅनिश बिशपला मृत्युदंड झाला. कागदावर गुन्हा जादूटोण्याचा होता, पण फिर्याद लावणारे दुसरे बिशप होते आणि भांडण मतांचे होते. तूर येथील मार्टिन हा बिशप बादशहाकडे रदबदलीला गेला. धर्माच्या वादात रक्त सांडू नका, असे त्याने विनवले आणि शिक्षा झाल्यावर त्या फिर्यादी बिशपांशी संबंध ठेवायला त्याने नकार दिला. म्हणजे पहिला मृत्युदंड आणि पहिला निषेध एकाच वेळी झाले, दोन्ही ख्रिस्ती माणसांकडून.

आता येतो तो माणूस, ज्याच्यापाशी मला सर्वांत जास्त थांबायचे आहे. संत ऑगस्टिन (३५४ ते ४३०), आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो शहराचा बिशप. ख्रिस्ती जगात प्रेमावर इतके खोल लिहिणारा दुसरा लेखक क्वचितच सापडेल. त्याच्या काळी उत्तर आफ्रिकेतले ख्रिस्ती दोन गटांत दुभंगले होते, कॅथलिक आणि डोनाटिस्ट. डोनाटिस्टांमधल्या काही टोळ्या मारहाण करत, चर्चवर हल्ले करत, हेही खरे. सुरुवातीला ऑगस्टिनचे मत स्पष्ट होते : शब्दांनी वाद घालायचा, कोणालाही जबरदस्तीने एकीत आणायचे नाही. मग ४०५ मध्ये बादशाही हुकूम निघाला. दंड, जप्ती, हद्दपारी सुरू झाली. आणि ऑगस्टिनने पाहिले, की भीतीने का होईना, गावेच्या गावे कॅथलिक गटात परत येत आहेत. त्याच्या स्वतःच्या गावाचे उदाहरण सहकाऱ्यांनी त्याच्यापुढे ठेवले. काही लोक तर परत आल्यावर आभार मानू लागले, की आम्ही सवयीच्या झोपेत होतो, तुम्ही हलवून जागे केलेत.

इथे त्याचे मन फिरले. ४०८ च्या सुमारास व्हिन्सेन्शियस नावाच्या डोनाटिस्ट बिशपला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्याने आपल्या बदललेल्या मताची कारणे दिली आहेत. भ्रमात हातपाय झाडणाऱ्या रोग्याला वैद्य बांधून ठेवतो, ते क्रौर्य आहे का? बाप मुलाला मारतो आणि मुले पळवणारा चोर त्याला गोंजारतो, यातले प्रेम कोणाचे, असे त्याने एका प्रवचनात विचारले. लूकच्याच शुभवर्तमानातला मेजवानीचा दाखला त्याने आधाराला घेतला. त्यात निमंत्रित येत नाहीत म्हणून यजमान चाकराला रस्त्यावरच्या लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. त्या आग्रहाचा अर्थ ऑगस्टिनने राजाज्ञेचा धाक असा लावला. प्रेम करा आणि मग हवे ते करा, या आशयाचे त्याचे वचन आज लग्नपत्रिकांवरही छापतात. ते ज्या प्रवचनात येते, तिथे याच धाकाचे समर्थन चालले आहे, हे फार थोड्या वाचकांना माहीत असते.

ऑगस्टिनला खलनायक ठरवायला माझे मन धजत नाही. डोनाटिस्टांच्या टोळीने एका कॅथलिक धर्मगुरूचा खून केला आणि दुसऱ्याला अपंग केले, तेव्हा त्याने मार्सेलिनस या बादशाही अधिकाऱ्याला पत्र लिहून गुन्हेगारांचा जीव घेऊ नये अशी विनंती केली. देहदंडाला त्याचा विरोध होता. पण त्याने जे दार उघडले ते दंडापाशी थांबणार नव्हते. एकदा का ‘तुझ्या आत्म्याचे भले मला तुझ्यापेक्षा जास्त कळते’ हे मान्य केले, की समोरच्याची वेदना हा पुरावाच उरत नाही. रोगी ओरडतो म्हणजे औषध लागू पडते आहे, असा अर्थ लावता येतो. आणि आत्मा अनंतकाळ जळण्यापासून वाचणार असेल, तर देहाला दोन घटका जाळण्याचा हिशेबही बसवता येतो. पुढच्या हजार वर्षांत तो बसवला गेला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने कायद्याची रेषा आखून दिली : ज्यांनी कधीच श्रद्धा स्वीकारली नाही त्यांच्यावर ती लादू नये, पण जे एकदा स्वीकारून फिरले त्यांना भाग पाडावे, प्रसंगी मृत्युदंडासाठी राजसत्तेच्या हवाली करावे. गोव्याची गोष्ट समजून घ्यायला ही रेषा ध्यानात ठेवावी लागते.

गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकला. तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमाराला पाडली गेली, साष्टी आणि बार्देशातली १५६० च्या दशकात. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा या देवता भक्तांनी नदीपार, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर अंत्रुज महालात हलवल्या. त्यांची आजची मंदिरे तिथे आहेत ती यामुळे. १५५९ मध्ये लिस्बनहून हुकूम निघाला, की हिंदूंची पोरकी मुले ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा द्यावा. हा हुकूमही दयेच्या भाषेत होता : अनाथाला आधार आणि आत्म्याला तारण. सेंट फ्रान्सिस झेवियर याने १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन स्थापण्याची मागणी केली होती. रोग्यांची सेवा करणारा, उपाशीतापाशी समुद्र ओलांडणारा तो माणूस. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, आदिलशाहीच्या जुन्या वाड्यात ही कचेरी सुरू झाली. लोक त्या वाड्याला ‘व्हडलें घर’ म्हणत आणि त्याच्यासमोरून जाताना आवाज खाली आणत.

तिथे कोणाला धरत? अक्वायनसच्या रेषेप्रमाणे मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांना. सुरुवातीला रोख होता युरोपातून आलेल्या, ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवर. गार्सिया द ओर्ता या वैद्याने भारतीय वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. आपल्या औषधींची ओळख युरोपला करून देणारा हा मोठा माणूस. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याच्या स्वतःच्या अस्थी कबरीतून उकरून जाळल्या. पुढे बोजा पडला तो स्थानिक नवख्रिस्तींवर. घरात जुनी रीत पाळली, नवस केला, शेजाऱ्याने सांगितले, एवढे पुरे होई. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात अंगणातली तुळस, पुरुषांनी पुडवें (धोतर) नेसणे, भात मिठाशिवाय शिजवणे असल्या गोष्टींवरही बंदी आहे. हिंदूंना कागदोपत्री मोकळीक होती, पण धर्मांतरात अडथळा आणला किंवा विधी उघडपणे केले, या कारणाखाली तेही सापडत. १५६१ ते १७७४ या काळातल्या खटल्यांची संख्या सोळा हजारांच्या पुढे जाते. जिवंत जाळलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी, पन्नासहून काहीशी अधिक भरते. परंतु तुरुंग, जप्ती, जाहीर अपमान, घराण्याला लागलेला डाग आणि शेजाऱ्याची भीती यांची मोजदाद त्या आकड्यात येत नाही.

आतले वर्णन आपल्याला मिळते ते शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याकडून. तो कॅथलिकच होता. बाप्तिस्मा आणि मूर्ती यांविषयी काही बोलला म्हणून दमणला पकडला गेला, १६७४ ते १६७६ गोव्याच्या कोठडीत राहिला, निराशेने जीव द्यायचाही प्रयत्न त्याने केला. १६८७ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शिक्षेच्या दिवशी निघणाऱ्या मिरवणुकीतल्या निशाणाचे वर्णन त्यात आहे : संताच्या एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी आणि न्याय व दया हे दोन शब्द. इन्क्विझिशन स्वतः कोणाला जाळत नसे. ते कैद्याला सरकारच्या हवाली करी आणि त्या कागदात, याच्याशी दयेने वागावे, रक्त सांडू नये, अशी विनंतीही लिहिलेली असे. ती विनंती मानली जाणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. शिकवण विसरली गेली नव्हती, असे मी वर म्हटले ते या कागदामुळे. ती तिथे लिहिलेलीच होती. प्रेमाचे शब्द कायम ठेवून समोरच्या माणसाला मात्र त्यांतून वगळले होते.

देलाँच्या आधी, याच इन्क्विझिशनच्या काळात, याच गोव्यात फादर स्टीफन्स होते. जन्माने इंग्रज, जेझुइट धर्मगुरू, १५७९ मध्ये आलेले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’बद्दल आपण मराठी माणसे कृतज्ञ आहोत, आणि असावेच. १६१६ मध्ये छापलेला जवळपास ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठीवर जीव लावून लिहिलेला आहे. पण त्यांच्या मायदेशात त्या वेळी काय चालले होते? १५८५ च्या कायद्याने जेझुइट धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला होता. घरी गेले असते तर प्रॉटेस्टंट ख्रिस्ती राजवटीने त्यांना फासावर दिले असते. आणि ज्या साष्टीत ते ओव्या रचत होते, तिथे त्यांच्याच धर्माच्या राजवटीने देवळे पाडली होती, पुराणे वाचायला बंदी केली होती. जुनी पुराणे गेली, आता आम्ही वाचावे काय, अशा अर्थाची नवख्रिस्तींची मागणी खुद्द त्या ग्रंथातच नोंदलेली आहे. मोठ्या मनाच्या माणसालाही आपल्या बाजूचा छळ छळासारखा दिसत नाही, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

कोणाला दिसला का? दिसला. १५५३ मध्ये जिनिव्हात मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला त्रैक्याबद्दलच्या मतांसाठी जाळले. तिथे कॅल्व्हिनचा शब्द चाले. तो प्रॉटेस्टंट, म्हणजे रोमच्या छळाविरुद्ध उठलेल्या पक्षाचा. पुढच्याच वर्षी बासेलमध्ये सेबॅस्टियन कॅस्टेलिओने खोट्या नावाने एक पुस्तक काढले. हा गरीब शिक्षक, एके काळी ऱ्हाईन नदीतून वाहत आलेली लाकडे गोळा करून घर चालवणारा. पुस्तकाच्या सुरुवातीला तो एक गोष्ट सांगतो. राजा परगावी जाताना प्रजेला सांगून जातो, की मी परत येईन तेव्हा सर्वांनी शुभ्र वस्त्रे घालून असावे. परत येऊन पाहतो तर वस्त्रांचे कोणालाच भान नाही. राजा घोड्यावरून येईल की रथातून, यावर लोक तलवारी उपसून भांडताहेत आणि राजाच्याच नावाने एकमेकांना मारताहेत. कॅस्टेलिओचा मुद्दा साधा आहे. मतांच्या बाबतीत आपण सगळेच चुकू शकतो, आचरण मात्र प्रत्येकाला स्पष्ट सांगितलेले आहे. गहू आणि निदण यांच्या दाखल्याची त्याने आठवण करून दिली : शेतातले तण उपटू नका, गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. कापणी करणारा देव आहे, आपण नाही. कॅल्व्हिनला दिलेले त्याचे थेट उत्तर त्याच्या हयातीत छापलेच गेले नाही. ते १६१२ मध्ये बाहेर आले.

ऑगस्टिन आणि कॅस्टेलिओ दोघेही बायबलच वाचत होते आणि प्रेमाबद्दलच बोलत होते. फरक एवढाच, की ऑगस्टिनने प्रेमाची खूण प्रेम करणाऱ्याच्या हेतूत शोधली आणि कॅस्टेलिओने ती ज्याच्यावर प्रेम करायचे त्या माणसाच्या वाट्याला काय येते यात शोधली. माझे मत विचाराल तर कॅस्टेलिओ बरोबर होता आणि लूकचे ते दोन अध्यायही त्याच्याच बाजूने आहेत. कॅथलिक चर्चने हे अधिकृतपणे मान्य करायला १९६५ साल उजाडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येत नाही, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, असे त्यात म्हटले आहे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये सत्याच्या सेवेत चर्चच्या लेकरांनी वापरलेल्या जबरदस्तीबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. गोव्याचा वेगळा उल्लेख झाला असता तर मला अधिक बरे वाटले असते.

आता शेजाऱ्यांबद्दल. विषय जरूर काढा, पण जाब विचारायला नव्हे. गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत गेलेले बहुसंख्य लोक बाप्तिस्मा झालेले होते. म्हणजे तुमचा गोवेकर ख्रिस्ती शेजारी हा त्या न्यायाधीशांचा वारस असण्यापेक्षा त्या आरोपींचा वारस असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. ज्या घरातली तुळस उपटली गेली ते त्याचे घर होते. हा इतिहास हिंदूंचा दुखरा भाग आहे तसाच त्यांचाही आहे, आणि तेओतोनियो द सौझा यांच्यासारख्या गोव्याच्या ख्रिस्ती इतिहासकारांनी पोर्तुगीज धर्मसत्तेबद्दल परखड लिहिले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या छळाचा हिशेब आजच्या एखाद्या प्रार्थनागृहावर दगड मारून चुकवू पाहणाऱ्याला मी त्या कचेरीच्या कारकुनांच्याच रांगेत बसवीन, त्याचा धर्म कोणताही असो.

मुलीला वाचायला काय द्यावे, असे तुम्ही विचारलेले नाही, पण सुचवतो. आधी लूकचे ते दोन अध्याय एका बैठकीत वाचू द्या. मग थोडी मोठी झाली, की अ. का. प्रियोळकरांचे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेले गोवा इन्क्विझिशनवरचे इंग्रजी पुस्तक शोधा. प्रियोळकर गोव्याचे, १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आणि ‘ख्रिस्तपुराणा’च्या अभ्यासातही त्यांचे नाव आदराने घेतात. देलाँचा वृत्तान्तही त्या पुस्तकात जोडलेला आहे.